काजळीची चामखीळ



आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की, त्वचेच्या कर्करोगाच्या खुणा सांगायला डॉक्टर यावा. हा कामगार संघटनेचा माणूस कशाला? शंका रास्त आहे. मी वैद्यक शिकलेलो नाही. शाळा माझी लवकर सुटली. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर बसून वाचले. पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली आणि तीच आज आपल्यापुढे ठेवायची आहे. त्वचेचा कर्करोग ओळखायला जग शिकले ते आधी धुराडी झाडणाऱ्या पोरांच्या अंगावरून, डांबराच्या भट्टीवरच्या मजुरांच्या हातांवरून आणि तेलाने भिजलेल्या गिरणीकामगारांच्या मांड्यांवरून. प्रयोगशाळा मागाहून आली. या रोगाची बाराखडी कष्टकऱ्यांच्या कातडीवर लिहिली गेली. ती वाचून दाखवण्याचा थोडा हक्क आमच्याकडेही आहे, असे मी समजतो.

ही गोष्ट लंडन शहरात सुरू होते. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर ते शहर नव्याने बांधले गेले आणि घरोघर दगडी कोळसा जळू लागला. कोळशाच्या आगीला ओढ लागावी म्हणून धुराडी अरुंद बांधली जात. नऊ इंच रुंद आणि चौदा इंच लांब, म्हणजे आपल्या जेवायच्या पाटाहूनही लहान, असे पुष्कळ धुराड्यांचे माप असे. त्यात वाकणे आणि वळणेही असत. काजळी साचली की धुराडे पेट घेई, म्हणून ते वरचेवर झाडावे लागे. एवढ्या जागेत मोठा माणूस कसा शिरणार? म्हणून पोर शिरवीत. पाच-सहा वर्षांची, कधी त्याहूनही लहान मुले गरीब आईबापांकडून किंवा अनाथांच्या आश्रमातून धुराडेवाल्याच्या हाती सोपवली जात. गुडघे आणि कोपरे भिंतीला रेटीत ती वर चढत. कपडे अडकतात म्हणून पुष्कळदा उघडीच चढत. रात्री काजळीचीच पोती अंथरायची आणि तीच पांघरायची. अंघोळ क्वचित. काजळी कातडीच्या घड्याघड्यांत मुरून बसे आणि वर्षानुवर्षे तेथेच राही.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात पर्सिव्हल पॉट नावाचे शस्त्रवैद्य होते. १७७५ साली त्यांनी एक पुस्तक छापले. त्यात धुराडी झाडणाऱ्यांच्या रोगाविषयी अवघी काही पाने आहेत. पण त्या थोड्या पानांनी वैद्यकाला नवी दिशा दाखवली. पॉट यांनी लिहिले की, या धंद्यातील लोकांना अंडकोशाच्या त्वचेवर, खालच्या बाजूला, एक व्रण होतो. तो वरवरचा दिसतो, पण त्याचे काठ कडक आणि उचललेले असतात. तो खोल चरत जातो, जांघेत अवधाण येते आणि शेवटी माणूस मरतो. अमुक एका धंद्याने कर्करोग होतो, असे स्पष्टपणे मांडणारे हे पहिले प्रसिद्ध लिखाण होय.

सभेत भगिनी आहेत, वडीलधारी मंडळी आहेत. तरी मी त्या अवयवाचे नाव घेतले. मुद्दाम घेतले. कारण नाव न घेण्यानेच या रोगात माणसे मेली आहेत.

पॉट यांच्या लिखाणातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली ही की, रोगाचे नाव त्यांनी स्वतः ठेवलेले नाही. धंद्यातले लोक याला ‘काजळीची चामखीळ’ म्हणतात, अशी नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली. याचा अर्थ काय? डॉक्टरने पुस्तक लिहिण्याआधीच धुराडेवाल्यांनी ही खूण पाहिली होती, ती काजळीने होते हे जाणले होते आणि तिला नावही दिले होते. शिक्षणाचा गंध नसलेल्या माणसांनी कार्य आणि कारण एका शब्दात बांधून ठेवले होते.

दुसरी गोष्ट अशी की, हा व्रण गुप्तरोगाचा समजला जाई आणि त्यावर पाऱ्याची औषधे दिली जात, हेही पॉट यांनी नोंदले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पाऱ्याने हा रोग हटत नाही. उलट मोलाचा वेळ जातो. रोग थांबायची काही आशा असेल तर ती दुखरा भाग ताबडतोब कापून काढण्यात आहे, असे पॉट सांगतात. पण ज्या दुखण्याला गुप्तरोगाचा शिक्का बसतो, ते माणूस लवकर दाखवील कसे? तो ते झाकतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अब्रूच्या व्यवहारात चालत असेल. कर्करोगाच्या व्यवहारात ती प्राणावर बेतते.

आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. हा रोग पोरवयात दिसत नसे. माणूस वयात आल्यावर, पुष्कळदा धुराड्यात चढणे सुटून कैक वर्षे लोटल्यावर दिसे. काजळी बालपणी अंगात शिरायची आणि तिची वसुली पुढे तिशी-चाळिशीत व्हायची. त्यामुळे मालक खुशाल म्हणू शकत होता की, याचा माझ्या कामाशी काय संबंध? हे उत्तर आपण पुढेही ऐकणार आहोत.

कायदे झाले नाहीत असे नाही. १७८८ साली कायदा झाला की आठ वर्षांखालचे पोर उमेदवार म्हणून ठेवू नये. १८४० साली ठरले की एकवीस वर्षांखालच्या कोणालाही धुराड्यात चढवू नये. १८६४ साली तो कायदा आणखी कडक केला. पण कायदा कागदावर राहिला आणि पोरे धुराड्यात राहिली. वास्तविक काठ्यांना काठ्या जोडून वर ढकलायचा ब्रश १८०३ सालीच निघाला होता. परंतु ब्रशाने काम नीट होत नाही, गालिचे खराब होतात, अशी तक्रार घरवाले करीत आणि पोरच वर चढवीत. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा रुग्णालयाच्या धुराड्यात अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्यानंतर लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी त्याच साली कायदा आणून धुराडेवाल्यांना परवाना सक्तीचा केला आणि त्यावर देखरेख पोलिसांकडे दिली. तेव्हा कोठे पोरे सुटली. पॉट यांच्या पुस्तकाला तोवर शंभर वर्षे झाली होती. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती त्याच १८७५ साली. म्हणजे ज्या वर्षी आपण ज्ञान लोकांच्या दारी न्यायला आरंभ केला, त्या वर्षी तिकडे शंभर वर्षांच्या जुन्या ज्ञानाची अंमलबजावणी होत होती!

पोरे सुटली तरी धुराडे झाडणारी मोठी माणसे होतीच आणि त्यांना रोग होतच होता. १८९२ साली हेन्री बटलिन या लंडनच्या शस्त्रवैद्यांनी एक साधा प्रश्न विचारला. काजळी युरोपभर आहे. मग हा रोग इंग्लंडातच एवढा का? त्यांनी इतर देशांतल्या धुराडेवाल्यांची माहिती मिळवली, तेव्हा दिसले की पुष्कळ ठिकाणी ते लोक अंगभर घट्ट कपडे घालतात आणि काम झाल्यावर स्वच्छ अंघोळ करतात. इंग्लंडातला कामगार तसे करीत नव्हता, किंवा त्याला ती सोय नव्हती. पाणी, साबण आणि अंगावर बेताचा कपडा, एवढ्यानेही कर्करोग दूर ठेवता येतो ही शिकवण त्या तुलनेतून निघाली. कारखान्यात न्हाणीघर मागणारा कामगार चैन मागतो असे ज्यांना वाटते, त्यांनी बटलिन यांचे हे काम जरूर वाचावे.

काजळीपाठोपाठ डांबर आणि तेल आले. जर्मनीत हाले शहरी रिचर्ड फोल्कमान यांनी १८७५ साली डांबर आणि पॅराफिनच्या कामगारांत हाच रोग दाखवला. पुढच्याच वर्षी एडिंबरोला जोसेफ बेल यांनी पॅराफिनच्या कामगारात तो पाहिला. हे बेल म्हणजे कोण? रुग्णाच्या हातावरचे घट्टे पाहून त्याचा धंदा सांगणारे विलक्षण डॉक्टर. आर्थर कॉनन डॉइल यांचे गुरू. त्यांच्यावरूनच डॉइल यांनी शेरलॉक होम्स उभा केला. कातडी पाहून माणसाचे काम ओळखायचे, ही नजर त्या काळी खरोखरीच प्राण वाचवण्याची विद्या होती.

स्कॉटलंडात एका जातीचा खडक तापवून त्यातून तेल काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे आणि असलेच खनिज तेल कापडगिरण्यांत वंगण म्हणून आले. त्यापूर्वी जनावरांच्या चरबीची आणि वनस्पतींची तेले वापरीत; खनिज तेल स्वस्त पडले. आता लँकेशायरच्या सूतगिरणीत चला. तेथे ‘म्यूल’ नावाचा साचा असे. शेकडो चात्या बसवलेला त्याचा लांबच लांब गाडा पुढे-मागे सरके. खाते गरम आणि दमट. कामगार अनवाणी, पातळ सुती विजार घातलेला. तुटलेले सूत सांधायला तो दिवसातून असंख्य वेळा त्या गाड्याच्या दांडीवरून पुढे वाके. चात्या भरवेगाने फिरत आणि त्यांच्या तेलाचे तुषार उडून त्याच्या विजारीवर पडत. विजार मांड्यांपाशी आणि जांघेपाशी तेलाने चिंब होई. धुराड्यातल्या पोराच्या अंगावर जी जागा काजळीची, तीच येथे तेलाची.

मँचेस्टरच्या मोठ्या रुग्णालयात असा पहिला सूतकामगार १८८७ साली आला. पण खरा हिशेब १९२२ साली मांडला गेला. साउदम आणि विल्सन या दोघांनी त्या रुग्णालयाची १९०२ पासूनची दप्तरे चाळली. अंडकोशाच्या कर्करोगाचे १४१ रुग्ण सापडले. त्यांत धुराडे झाडणारा निघाला एक. डांबर-पॅराफिनचे २२. आणि म्यूल-साच्यावरचे कामगार ६९! जो रोग धुराडेवाल्यांचा म्हणून पुस्तकांत शंभर-सव्वाशे वर्षे लिहिला जात होता, तो कधीच घर बदलून गिरणीत राहायला गेला होता. आणि वीस वर्षे त्याच रुग्णालयात त्याची नोंद होत असूनही कोणी बेरीज केली नव्हती. दप्तरात आकडा असणे निराळे आणि तो कोणी तरी जोडून पाहणे निराळे.

त्यानंतर सरकारने समिती नेमली. समितीचा अहवाल १९२६ साली आला. पण म्यूल-साच्यासाठी निर्धोक तेलच वापरावे आणि कामगारांची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी, असे नियम इंग्लंडात झाले ते १९५३ साली. मधली सत्तावीस वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? मालकांच्या मांडा, सरकारच्या मांडा. पण संघटनेचा माणूस म्हणून मी आमचेही खाते कोरे ठेवणार नाही. वेतनाच्या एका पैशासाठी आम्ही गिरण्या बंद पाडतो. कातडीवरच्या व्रणासाठी क्वचितच पाडतो. व्रण पगाराच्या पाकिटात दिसत नाही.

ही काजळी आणि हे तेल कातडीला नक्की करतात काय, हे दाखवले जपानी शास्त्रज्ञांनी. १९१५ साली टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर लावायला सुरुवात केल्याचे फळ जाहीर केले. एकदा-दोनदा लावून काही होत नाही. त्यांनी महिनोन्‌महिने नेटाने लावले, तेव्हा कानावर कर्करोग उठला. पॉट यांनी माणसांत जे पाहिले ते १४० वर्षांनी प्रयोगाने सिद्ध झाले. पुढे लंडनमध्ये केनवे, कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबराचा गाळ उकलून त्यातला दोषी पदार्थ वेगळा काढला. १९३३ साली त्याची ओळख पटली; त्याला बेन्झोपायरीन म्हणतात. विडी-सिगारेटच्या धुरातही तो असतो. थोडे थोडे, रोज रोज आणि वर्षानुवर्षे, ही या विषाची चाल आहे. एका दिवसाच्या मापाने ती कधीच कळत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे काजळीची धुराडी नव्हती. पण कातडीला वर्षानुवर्षे जाच देणाऱ्या रीती होत्या. काश्मीरात थंडीसाठी निखाऱ्यांची लहान शेगडी, कांगडी, पोटाशी धरतात. तिच्या धगीने पोटावर आणि मांडीवर डाग पडतात आणि पुढे तेथे कर्करोग होतो, हे डॉ. एल्म्सली यांनी १८६६ साली लिहिले. महाराष्ट्राशी जवळचे नाते असलेला दाखला मुंबईचा आहे. परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यात, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर रोगनिदानाचे काम पाहत. त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतातील चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक प्रकार होता धोतराचा. कमरेला एकाच जागी जन्मभर घट्ट कासलेल्या धोतराने कातडी काळी पडते, जाड होते, तिला भेगा पडतात आणि त्या घासलेल्या पट्ट्यावर क्वचित कर्करोग उद्भवतो. पुढे साडीखालच्या परकराच्या नाडीने स्त्रियांच्या कमरेवर असेच घडल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी दाखवले. धोतर आता फारसे दिसत नाही, पण परकराची नाडी घरोघर आहे. तिच्याखाली काळा, खरखरीत पट्टा अनेकींना असतो आणि बहुतेकींचे त्याने काही बिघडत नाही. परंतु त्या पट्ट्यात न भरणारी भेग पडली तर मात्र ती दाखवलीच पाहिजे. नाडी रुंद पट्टीची घ्यावी आणि रोज थोडी वर-खाली बांधावी, एवढा सोपा उपाय आहे.

आपल्या कायद्यातही हा रोग आला. डांबर, पिच, खनिज तेल यांपासून होणारा त्वचेचा कर्करोग हा धंद्याचा रोग म्हणून १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात घातला गेला. १९४८ च्या कारखाने कायद्याने तो सरकारला कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत ठेवला. तेव्हा हा रोग कामगाराच्या नशिबाचा नव्हे, कामाचा असू शकतो, ही गोष्ट कायद्याने फार पूर्वीच मान्य केली आहे. उणीव आहे ती कातडी पाहणाऱ्या डोळ्यांची.

इंग्लंडातील बर्मिंगहॅमचा एक खटला या संदर्भात शिकण्याजोगा आहे. तेथील एका मोठ्या कारखान्यात एक यंत्र-जुळणीदार वर्षानुवर्षे तेलकट यंत्रांवर वाकून काम करीत होता. विजार रोज तेलाने भिजे. त्याला अंडकोशाचा कर्करोग झाला आणि १९६६ साली तो वारला. त्याच्या विधवेने दावा केला. चौकशीत दिसले की कारखान्याच्या डॉक्टरला हा धोका ठाऊक होता. मग कामगारांना माहितीपत्रक का दिले नाही? सहा-सहा महिन्यांनी तपासणी का ठेवली नाही? न्यायालयाने १९६८ साली मालकाला जबाबदार धरले. निर्णयातला न्याय मला असा समजला: धोक्याचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्याने ते धोक्यात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचवलेच पाहिजे. काजळीच्या चामखिळीपासून जवळजवळ दोनशे वर्षांनी हे एवढे वाक्य न्यायाच्या पुस्तकात आले.

आता एक घरची गोष्ट. लेथवर काम करणारा आमचा एक सभासद होता. संघटनेच्या कचेरीत येई तेव्हा त्याच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला असे. कोणी विचारले तर म्हणे, “नायटा आहे.” बोनसच्या वाटाघाटी चालू होत्या. मी तो रुमाल चार-पाच महिने रोज पाहिला आणि एकदाही सोडून दाखव म्हटले नाही. शेवटी दुसऱ्याच कामाला आलेल्या एका परिचारिकेने तो सोडायला लावला. हाताच्या पाठीवर रुपयाएवढा व्रण, काठ उचललेले, मधे खपली. “इतके दिवस दाखवले का नाही?” तो खाली मान घालून म्हणाला, “कामाला नालायक म्हणून शेरा मारतील, दादा. पोरीचे लग्न आहे.” त्याचे दैव बरे. रोग कातडीतच होता. तेवढा भाग कापून काढला, मांडीची कातडी घेऊन जागा झाकली आणि तो कामावर परतला. पण त्या दिवशी मला कळले की, मालकाच्या डॉक्टरला नावे ठेवणारा मी, माझ्याही डोळ्यांसमोर पाच महिने एक रुमाल होता.

म्हणून आता खुणा सांगतो. त्या कठीण नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे न भरणारी जखम. साधी जखम तीन-चार आठवड्यांत भरते. त्यापुढे जी राहते, किंवा भरते, खपली पडते, पुन्हा फुटते आणि रक्त येते, ती साधी नव्हे. दुसरी खूण, नव्याने उठलेली आणि वाढत चाललेली चामखीळ, कडक गाठ अथवा खरखरीत खवल्यांचा चट्टा. चेहऱ्यावर, नाकाशी, पापणीपाशी कधी मोत्यासारखी चकाकणारी बारीक गाठ येते. आपल्या सावळ्या कातडीवर ती काळसर दिसते, म्हणून लोक तिला तीळ समजतात. खालच्या ओठावर आणि कानाच्या पाळीवरही नजर ठेवावी. उन्हात जन्म काढणाऱ्यांच्या कातडीवर हा रोग उठतो, हे हाम्बुर्गच्या उना या डॉक्टरांनी १८९४ साली खलाशांत दाखवले.

तिसरी खूण, भाजल्याच्या जुन्या व्रणावर पडलेली नवी जखम. फ्रान्सचे मार्जोलँ यांनी १८२८ साली व्रणांवर उठणाऱ्या अशा जखमांचे वर्णन केले आणि आजही त्यांचेच नाव तिला आहे. स्टोव्हच्या भडक्याने किंवा भट्टीत भाजलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. वीस-तीस वर्षांचा वण एकाएकी चिघळला, तर मलमावर भागवू नये.

चौथी खूण तिळाची. तीळ सर्वांनाच असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण जो तीळ बदलतो त्याच्याकडे पाहावे. त्याचे दोन अर्धे सारखे नाहीत, काठ वेडेवाकडे आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, तो सहा मिलिमीटरहून, म्हणजे पेन्सिलीच्या बुंध्याहून मोठा आहे, किंवा महिन्या-महिन्याला त्याचे रूप पालटते आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली यातल्या पहिल्या चार खुणा लोकांसाठी मांडल्या. बदलाची पाचवी मागाहून जोडली गेली. त्यात आपल्यासाठी एक भर घालायला हवी. गोऱ्या लोकांच्या मानाने हा काळा कर्करोग आपल्यात कमी. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर नाही तर नखाखाली होतो. तळपायावरच्या काळ्या डागाला आपण कुरूप म्हणतो, नखाखालच्या काळ्या रेघेला मार लागला म्हणतो. माराचा डाग नखाबरोबर पुढे सरकून निघून जातो. जी रेघ रुंदावत जाते आणि नखाच्या मुळाशी कातडीवर उतरते, ती माराची नव्हे. पाय धुताना तळवा उलटा करून पाहायला पैसा पडत नाही.

या सगळ्या खुणांचा एक कपटी गुण आहे. आरंभी त्या बहुधा दुखत नाहीत. ‘दुखत नाही, मग काही नाही’ असे म्हणून माणूस दुखणे अंगावर काढतो. जांघेत किंवा काखेत अवधाण आले म्हणजे रोग पुढे सरकल्याची शंका धरावी. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, चुना-सोडा लावून ती जाळणे, हे प्रकार करू नयेत. त्याने वरची खूण जाते आणि खालचा रोग राहतो. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ ही समजूतही खोटी आहे. बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानेच निदान पक्के होते. बहुतेक त्वचेचे कर्करोग वेळीच काढले तर पूर्ण बरे होतात. कर्करोगाच्या साऱ्या कुळात डोळ्यांना उघड दिसणारा हा एक. आणि तोच आपण कपड्याखाली लपवतो!

कारखान्यातल्या बंधूंना दोन शब्द. तेलाने भिजलेली विजार तशीच अंगावर वाळवू नका. तेलकट चिंधी खिशात ठेवू नका. खिशाखाली मांडी आहे. हात रॉकेलने धुऊ नका, साबणाने धुवा. न्हाणीघर आणि स्वच्छ कपडे मागा. आणि संघटनांनी एक गोष्ट पदरात पाडून घ्यावी: व्रण दाखवणाऱ्याची नोकरी जाणार नाही, त्याला दुसरे काम मिळेल, अशी लेखी हमी. ती नसेल तर मी आज सांगितलेल्या साऱ्या खुणा फुकट आहेत. भीती असेल तेथे रुमाल सुटत नाही.

१७७५ च्या आधीच लंडनच्या निरक्षर धुराडेवाल्यांनी आपल्या व्रणाला नाव दिले होते. त्यांना खूण कळत होती; दाखवायला जागा नव्हती. आपल्याला जागा आहे, औषध आहे, कायदा आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने दिव्याखाली आपले हात-पाय पाहावेत, म्हाताऱ्या आईवडिलांची पाठ पाहावी आणि ओळखीच्या एखाद्या हातावर फार दिवस रुमाल दिसत असेल, तर तो सोडायला सांगावे. मी पाच महिने सांगितले नाही. आपण पाच दिवसही थांबू नये.